मेलानोमाचा अहवाल आणि त्यावरील संशोधन कसे वाचावे : पेशींना धरून ठेवणाऱ्या रेणूंविषयी

घरातल्या कोणाला मेलानोमाचे निदान झाले की गोव्यातल्या बांबोळीच्या गोमेकॉतून (गोवा वैद्यकीय महाविद्यालयातून) किंवा मुंबईच्या एखाद्या रुग्णालयातून आलेला बायोप्सीचा अहवाल घरातले शिकलेले माणूस हाती घेते, त्यातला एकेक शब्द इंटरनेटवर शोधू लागते आणि थोड्याच वेळात ई-कॅडहेरिन, इंटिग्रिन, एमसीएएम अशा नावांपाशी येऊन अडते. कुठे वाचायला मिळते की अमुक रेणू कमी झाला म्हणजे कर्करोग पसरतो, तर दुसरीकडे नेमके उलटे लिहिलेले असते. दोन्ही विधाने आपापल्या जागी खरी असू शकतात. ती जागा कशी ओळखायची, हे या लेखात सांगायचे आहे. मेलानोमातल्या कोणत्याही आसंजक रेणूचा, म्हणजे पेशींना एकमेकींशी किंवा भोवतालच्या ऊतीशी जोडणाऱ्या रेणूचा अर्थ लावण्यापूर्वी गाठ शरीरात कुठे उगवली आणि ती कोणत्या टप्प्यात आहे हे पाहावे लागते. ते न पाहता काढलेला निष्कर्ष बहुधा चुकतो आणि घरातल्यांची झोप विनाकारण उडवतो.

आधी गाठीची जागा लिहून काढा

मेलानोमा हा मेलॅनिन तयार करणाऱ्या मेलॅनोसाइट पेशींचा कर्करोग आहे. गर्भावस्थेत या पेशी न्यूरल क्रेस्ट नावाच्या भागातून निघतात, मोठा प्रवास करतात आणि त्वचेत, डोळ्यात व काही श्लेष्मल पटलांत जाऊन स्थिरावतात. जागा सोडून जाण्याची क्षमता त्यांच्या जडणघडणीतच आहे, आणि हे ध्यानात ठेवले तर पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

अहवालावरून एका कागदावर गाठीची नेमकी जागा उतरवून घ्यावी. 'त्वचा' किंवा 'डोळा' एवढे लिहून भागत नाही. त्वचेची गाठ उन्हात उघड्या राहणाऱ्या भागावरची आहे, की तळपायाची, तळहाताची किंवा नखाखालची आहे, हे लिहावे. भारतीयांत त्वचेचा मेलानोमा विरळा आहे, पण जो होतो त्यात तळपाय आणि नखाखालच्या गाठींचा वाटा गोऱ्या लोकांपेक्षा बराच मोठा असतो, आणि या गाठींचा उन्हाशी संबंध फारसा नसतो. पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली उमटलेली काळी रेघ शेतात किंवा होडीवर काम करताना लागलेल्या माराची समजून महिनोन्‌महिने दुर्लक्षित राहते, म्हणून हा तपशील मी मुद्दाम नोंदवतो आहे.

डोळ्याच्या बाबतीतही दोन अगदी वेगळे आजार एकाच नावाखाली येतात. डोळ्याच्या पांढऱ्या भागावरील पातळ आवरणात, म्हणजे कंजंक्टिव्हात, होणारा मेलानोमा वागणुकीने त्वचेच्या मेलानोमाला जवळचा असतो. परंतु डोळ्याच्या आतल्या युव्हिआत, म्हणजे बुबुळ, सिलिअरी बॉडी आणि रंजितपटल यांत होणारा मेलानोमा हा जनुकांपासून प्रसाराच्या वाटेपर्यंत निराळा आजार आहे. पाश्चात्त्य देशांतील त्वचेच्या मेलानोमांपैकी सुमारे निम्म्यांत बीआरएएफ या जनुकात बदल आढळतो, तर युव्हिआच्या मेलानोमात तो जवळजवळ सापडत नाही. तेथे बहुसंख्य गाठींत जीएनएक्यू किंवा जीएनए११ या जनुकांपैकी एकात बदल असतो. त्वचेत लसीकावाहिन्यांचे, म्हणजे लिम्फ वाहून नेणाऱ्या नळ्यांचे, दाट जाळे आहे, रंजितपटलात मात्र त्या वाहिन्या नाहीत. त्यामुळे त्वचेतून सुटलेल्या पेशी बहुधा आधी जवळच्या लसीकाग्रंथींत जातात, आणि डोळ्यातून सुटलेल्या पेशींना रक्ताखेरीज दुसरी वाट नसते. आतली गाठ डोळ्याची भिंत भेदून बाहेर आली तरच मानेकडच्या ग्रंथींचा प्रश्न उद्भवतो.

मग अहवालात प्रत्यक्ष काय दिले आहे ते पाहा

त्वचेच्या अहवालात सर्वांत वजनदार आकडा ब्रेस्लो जाडीचा असतो. अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी १९७० मध्ये मांडलेले हे मोजमाप मिलिमीटरमध्ये दिले जाते, आणि सध्याच्या वर्गीकरणात ०.८, १, २ आणि ४ मिलिमीटर या त्यातल्या महत्त्वाच्या सीमारेषा आहेत. त्याखालोखाल गाठीवर व्रण, म्हणजे वरची त्वचा फुटून झालेली जखम, आहे का आणि जवळच्या पहिल्या लसीकाग्रंथीत पेशी सापडल्या का, हे पाहिले जाते. डोळ्याच्या गाठीत तिचा व्यास व उंची, सिलिअरी बॉडी गुंतली आहे का, पेशी लांबट आहेत की गोलसर मोठ्या, तसेच तपासले असल्यास तिसऱ्या गुणसूत्राची एक प्रत गमावली आहे का आणि बीएपी१ हे प्रथिन पेशीकेंद्रातून नाहीसे झाले आहे का, हे महत्त्वाचे ठरते. रंजितपटलाच्या मेलानोमाचे निदान पुष्कळदा डोळ्याची तपासणी आणि सोनोग्राफी यांवरच होते, तेव्हा बायोप्सीचा कागद हाती नसला म्हणून तपासणी अपुरी राहिली असे समजू नये.

एस-१००, एसओएक्स१०, मेलान-ए, एचएमबी-४५ ही नावे बहुतेक अहवालांत दिसतात. ती गाठ मेलानोमाचीच आहे हे ठरवण्यासाठी केलेल्या रंगचाचण्यांची नावे आहेत. प्रसाराबद्दल त्या काही सांगत नाहीत. आसंजक रेणूंची चाचणी रोजच्या अहवालात सहसा नसते. ती नसणे ही प्रयोगशाळेची उणीव नव्हे, कारण आजघडीला उपचार ठरवताना तिची गरज पडत नाही. हे रेणू कळले तर आजार कसा पसरतो ते कळते, आणि पुढचे संशोधन वाचता येते.

चिकटून राहणे आणि सुटणे

निरोगी त्वचेत मेलॅनोसाइट बाह्यत्वचेच्या सर्वांत खालच्या थरात बसलेली असते. तिच्या फांद्या आजूबाजूच्या केराटिनोसाइट, म्हणजे बाह्यत्वचा मुख्यत्वे ज्यांची बनते त्या, पेशींना स्पर्श करतात आणि त्यांच्याशी तिला जोडणारा मुख्य रेणू म्हणजे ई-कॅडहेरिन. जपानमध्ये मासातोशी ताकेइची यांनी शोधलेल्या कॅडहेरिन कुटुंबातला हा रेणू कॅल्शियम असेल तरच पकड घेतो. एका पेशीवरचा ई-कॅडहेरिन दुसऱ्या पेशीवरच्या ई-कॅडहेरिनला धरतो आणि पेशीच्या आत कॅटेनिन नावाच्या प्रथिनांच्या साहाय्याने तिच्या सांगाड्याशी बांधलेला राहतो. आपल्याकडच्या चिऱ्याच्या भिंतीतल्या चुन्यासारखा तो केवळ दोन तुकडे जोडून ठेवत नाही. तो पेशीला खबर देतो की शेजारी जागेवर आहेत, वाढ आवरती ठेव. केराटिनोसाइट मेलॅनोसाइटवर जो वचक ठेवतात, तो या पकडीतून.

मेलानोमा खोलवर उतरू लागतो तेव्हा पुष्कळ गाठींत ई-कॅडहेरिन कमी होतो आणि त्याच्या जागी एन-कॅडहेरिन येतो. हा बदल फार अर्थपूर्ण आहे, कारण एन-कॅडहेरिन बाह्यत्वचेखालच्या अंतस्त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट, म्हणजे आधाराचे तंतू तयार करणाऱ्या, पेशींवर आणि रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरावरही असतो. म्हणजे पेशीने जुने शेजारी सोडले एवढेच घडत नाही, तिला नव्या शेजाऱ्यांना धरण्याचे साधनही मिळते. फिलाडेल्फियाच्या विस्टार इन्स्टिट्यूटमध्ये मीनहार्ड हर्लिन यांच्या गटाने मेलानोमाच्या पेशींत ई-कॅडहेरिन पुन्हा आणून दाखवला, तेव्हा त्या पेशी पुन्हा केराटिनोसाइटच्या वचकाखाली आल्या आणि त्यांचे खोलवर घुसणे मंदावले. रेणूचे प्रमाण बदलते एवढे दाखवून न थांबता तो परत आणल्यावर काय होते तेही पाहणारे प्रयोग मला अधिक मोलाचे वाटतात.

येथे एक सावधगिरी पाळावी. साध्या, निरुपद्रवी तिळातल्या पेशी अंतस्त्वचेत खोल जातात तेव्हा त्यांच्यातही ई-कॅडहेरिन कमी होत जातो. त्यामुळे 'ई-कॅडहेरिन घटला' एवढ्यावरून कर्करोग ठरत नाही आणि कर्करोग पसरला असेही ठरत नाही.

दुसरे कुटुंब इंटिग्रिनचे. कॅडहेरिन पेशीला पेशीशी जोडतो, तर इंटिग्रिन प्रामुख्याने पेशीला तिच्याभोवतीच्या तंतुमय आधाराशी जोडतो. प्रत्येक इंटिग्रिन एक अल्फा आणि एक बीटा अशा दोन साखळ्यांचा बनतो. माणसात १८ अल्फा आणि ८ बीटा साखळ्यांपासून २४ जोड्या तयार होतात. या कुटुंबावरील मूलभूत कामासाठी रिचर्ड हाइन्स, एर्की रुओस्लाहती आणि टिमोथी स्प्रिंगर यांना २०२२ चा लास्कर पुरस्कार मिळाला. मेलानोमाच्या संदर्भात वारंवार भेटणारी जोडी अल्फा-व्ही-बीटा-३ ही आहे. गाठ त्वचेच्या पृष्ठभागाला समांतर पसरत असते त्या टप्प्यात ही जोडी सहसा कमी असते. गाठ उभी, खाली वाढू लागते त्या टप्प्यात ती ठळक दिसते, हे १९९० पासून माहीत आहे. आधारापासून सुटलेली सामान्य पेशी स्वतःहून मरते. या मृत्यूला १९९४ मध्ये अनोइकिस हे नाव मिळाले. सुटूनही जगणाऱ्या मेलानोमा पेशीला जगण्याचा संकेत देणाऱ्यांत इंटिग्रिनचा हात असतो.

तिसऱ्या, इम्युनोग्लोब्युलिन कुटुंबातला एमसीएएम, ज्याला सीडी१४६ किंवा जुन्या लेखांत एमयूसी१८ म्हणतात, १९८०च्या दशकाच्या अखेरीस म्युनिकमध्ये ज्युडिथ जॉन्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेलानोमातच शोधला. गाठ जाड होत जाते तसा तो वाढताना दिसतो. हा रेणू रक्तवाहिन्यांच्या अस्तरावरही असतो, ही गोष्ट विसरू नये. रक्तातून मेलानोमाच्या पेशी वेचण्याच्या काही पद्धतींत सीडी१४६ला चिकटणारे चुंबकीय कण वापरतात, आणि अशा वेळी वाहिन्यांच्या अस्तरातून सुटलेल्या निरुपद्रवी पेशीही सोबत येतात. त्यांना वेगळे करण्यासाठी आणखी खुणा तपासाव्या लागतात. 'रक्तात कर्करोगाच्या पेशी सापडल्या' असा मजकूर दिसला तर त्या कशावरून ओळखल्या, हा पहिला प्रश्न विचारावा. याच कुटुंबातले एल१सीएएम, एएलसीएएम, आयसीएएम-१ आणि सीईएसीएएम१ हेही वाचनात येतील.

डोळ्याच्या बाबतीत उलटे चित्र का दिसते

आतापर्यंतचे चित्र डोळ्याच्या गाठीवर जसेच्या तसे लादले की गोंधळ होतो. युव्हिआच्या मेलानोमांचे त्यांच्यातील जनुकांच्या अभिव्यक्तीवरून, म्हणजे कोणती जनुके किती सक्रिय आहेत यावरून, दोन वर्ग पाडतात : पहिल्या वर्गाच्या गाठी क्वचित पसरतात, दुसऱ्या वर्गाच्या गाठींचा धोका मोठा असतो. त्वचेचा नियम लावला तर दुसऱ्या वर्गात ई-कॅडहेरिन कमी सापडायला हवा. प्रत्यक्षात अमेरिकेत विल्यम हार्बर यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवले की दुसऱ्या वर्गाच्या गाठींतल्या पेशी दिसण्याने अस्तर-पेशींसारख्या होतात आणि त्यांच्यात ई-कॅडहेरिन वाढलेला असतो.

याचा अर्थ ई-कॅडहेरिन डोळ्यात 'वाईट' झाला असा घेऊ नये. त्वचेतल्या मेलॅनोसाइटला केराटिनोसाइटच्या थरातून सुटावे लागते. रंजितपटलातली मेलॅनोसाइट मुळात सैल संयोजी ऊतीत, रक्तवाहिन्यांच्या गर्दीत राहते, तिला सोडून जाण्यासाठी तसा थरच नाही. प्रसाराच्या आड येणारा अडथळा निराळा, म्हणून रेणूचे कामही निराळे. दुसऱ्या वर्गाच्या गाठींत बहुधा बीएपी१ हे जनुक निकामी झालेले असते आणि तिसऱ्या गुणसूत्राची एक प्रत गेलेली असते. पेशींचे रूप पालटणे हा त्या बिघाडाचा एक परिणाम आहे. म्हणून डोळ्याच्या गाठीचा धोका समजून घेताना ई-कॅडहेरिन शोधत बसू नये, बीएपी१ आणि गुणसूत्र ३ यांची माहिती मागावी.

डोळ्यातून निघालेल्या पेशी कुठे जातात, हेही या भिन्नतेचाच भाग आहे. युव्हिआचा मेलानोमा ज्यांच्यात पसरतो, त्यांच्यापैकी सुमारे ९० टक्क्यांत यकृत गाठले जाते, आणि कधीकधी डोळ्याच्या उपचारानंतर दहा वर्षे उलटल्यावरही. त्वचेचा मेलानोमा लसीकाग्रंथींनंतर फुप्फुस, यकृत, मेंदू, हाडे अशा अनेक ठिकाणी जातो. स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या नोंदी तपासून मांडले होते की प्रसाराचे अवयव योगायोगाने ठरत नाहीत, आणि डोळ्याच्या मेलानोमाइतके स्पष्ट उदाहरण त्याला क्वचितच सापडेल. यकृताच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या भिंतींना छिद्रे असतात आणि तेथे वाढीला पोषक प्रथिने तयार होतात. पेशी तेथे अडकणे, चिकटणे आणि वाढणे या तीन वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. लेख वाचताना त्यांतली कोणती तपासली आहे ते शोधावे.

रंगवलेल्या काचेचे छायाचित्र कसे पाहावे

लेखांत इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीची (आयएचसीची), म्हणजे अँटिबॉडी वापरून ऊतीतला ठराविक रेणू रंगवून दाखवणाऱ्या चाचणीची, छायाचित्रे असतात. प्रथम गाठीकडे न बघता शेजारच्या निरोगी बाह्यत्वचेकडे बघावे. ई-कॅडहेरिनची चाचणी नीट झाली असेल तर तेथील केराटिनोसाइटच्या कडा रंगलेल्या असतात आणि मधला भाग स्वच्छ राहतो, त्यामुळे बहुकोनी जाळी दिसते. ती जाळी नसेल तर गाठीतला रंगाचा अभाव काहीच सिद्ध करत नाही; चाचणीच फसली असण्याची शक्यता असते. जाळी दिसली की मग गाठीकडे वळावे आणि रंग पेशीच्या कडेला आहे की आत विखुरला आहे ते पाहावे. पेशीच्या आत विखुरलेला ई-कॅडहेरिन पकड घेण्याच्या कामाचा राहिलेला नसतो, तरीही रंग मोजणारा तो 'आहे' म्हणून मोजू शकतो.

मेलानोमात याहून मोठी अडचण रंगाचीच आहे. आयएचसीत सर्वाधिक वापरले जाणारे डीएबी हे रंगद्रव्य तपकिरी असते आणि मेलॅनिनही तपकिरीच असते. काळपट गाठीत कोणता तपकिरी कशाचा, हे सांगणे अनुभवी डोळ्यालाही जड जाते. त्यासाठी लाल रंगद्रव्य वापरतात, किंवा मेलॅनिन आधी रसायनाने विरंजित करतात, किंवा डीएबीनंतर जिम्सा रंग देतात, ज्याने मेलॅनिन हिरवट-निळे होते आणि डीएबीचा तपकिरी उरतो. लेखाच्या पद्धती-विभागात यांपैकी काही केल्याचा उल्लेख नसेल आणि छायाचित्रात गडद गाठ तपकिरीत रंगवलेली असेल, तर त्या निष्कर्षावर फार भार टाकू नये.

दावा वाचताना

प्रयोग कशावर केला ते आधी शोधावे. तबकडीत वाढवलेल्या पेशी, उंदीर आणि रुग्ण या तीन गोष्टींचे वजन सारखे नाही. तबकडीच्या सपाट प्लास्टिकला चिकटण्यासाठीच पेशी आपले इंटिग्रिन बदलतात, म्हणून केवळ तशा पेशींवरून आसंजनाविषयी काढलेले निष्कर्ष मला अपुरे वाटतात. उंदराच्या शेपटीच्या शिरेत पेशी टोचून फुप्फुसात गाठी मोजल्या असतील, तर मूळ जागेतून सुटण्याची पायरी त्या प्रयोगात तपासलीच गेलेली नाही.

रुग्णांवरील अभ्यासात एकच प्रश्न धरून ठेवावा : ब्रेस्लो जाडी आणि व्रण हिशेबात घेतल्यावरही हा रेणू काही अधिक सांगतो का? जाड गाठीत अनेक रेणू वाढलेले असतात आणि जाड गाठ तशीही अधिक पसरते. सीईएसीएएम१ या रेणूबाबत २००२ मध्ये जर्मनीतून आलेल्या अभ्यासाने ही कसोटी लावली आणि जाडीपासून स्वतंत्र असा संबंध दाखवला, म्हणून तो अजूनही उद्धृत होतो.

औषधांच्या बाबतीत सरळ सांगणे बरे. अल्फा-व्ही इंटिग्रिनला अडवणारी औषधे मेलानोमाच्या रुग्णांत तपासली गेली, पण नेहमीच्या उपचारांत जागा मिळवण्याइतका लाभ त्यांतून दिसला नाही. आज त्वचेच्या मेलानोमात जी औषधे खरोखर आयुष्य वाढवतात, ती बीआरएएफ-एमईके ही वाढीचा संकेत देणारी प्रथिने रोखणारी आणि पीडी-१ या लगामावर काम करून प्रतिकारशक्ती मोकळी करणारी इम्युनोथेरपी अशा वेगळ्या वाटेची आहेत; पसरलेल्या किंवा शस्त्रक्रियेने काढता न येणाऱ्या युव्हिआच्या मेलानोमासाठी २०२२ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेले टेबेंटाफस्प फक्त एचएलए-ए*०२:०१ हा ऊतिप्रकार असलेल्यांनाच देता येते. 'पेशींची पकड मजबूत करून' मेलानोमा थांबवतो असे सांगत कोणी चूर्ण किंवा पूरक आहार विकू लागला, तर त्याला दारातूनच परत पाठवावे.

डॉक्टरांकडे जाताना

त्वचेच्या रुग्णाने जाडी, व्रण, लसीकाग्रंथीची तपासणी आणि बीआरएएफ चाचणीबद्दल विचारावे. तळपायाच्या किंवा नखाखालच्या गाठीत केआयटी या जनुकाबद्दलही विचारावे. युव्हिआच्या रुग्णाने गाठीचा वर्ग किंवा गुणसूत्र ३ची स्थिती कळू शकेल का, आणि यकृताची तपासणी कोणत्या पद्धतीने, किती महिन्यांनी करायची, हे विचारून लेखी घ्यावे. डोळ्याचा उपचार यशस्वी झाला, दृष्टीही टिकली, तरी यकृताची तपासणी सोडू नये. हे काम म्हापसा-मडगावच्या जवळच्या केंद्रातही होऊ शकते, फक्त चित्रे दर वेळी आधीच्या चित्रांशी ताडून पाहिली गेली पाहिजेत.

मुंबईला दुसरे मत घ्यायला जाताना नुसता अहवाल नेऊन भागत नाही. काचा आणि पॅराफिनचे ठोकळे, म्हणजे ब्लॉक, प्रयोगशाळेकडून रीतसर पावती देऊन मागून घ्यावेत, कारण पुढे कोणतीही नवी चाचणी करायची झाली तर ती त्या ब्लॉकवरच होते. पॅराफिन उष्णतेने वितळते. एप्रिल-मेमध्ये ब्लॉक बंद गाडीत उन्हात ठेवू नयेत, प्रवासात हाताशी थंड जागी ठेवावेत आणि काम झाल्यावर ज्या प्रयोगशाळेचे आहेत तिला परत करावेत.